अमेरिकेत कमी डाउन पेमेंटवर घर घेताना ‘पीएमआय’ कसा टाळायचा?

अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना कर्जाच्या कागदांत एक अनोळखी खर्च दिसतो : पीएमआय, म्हणजे प्रायव्हेट मॉर्टगेज इन्शुरन्स. घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असेल, तर सरकारी हमी नसलेल्या नेहमीच्या कर्जावर, म्हणजे कन्व्हेन्शनल लोनवर, सहसा हा विमा लागतो.

भारतात गृहकर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा निदान कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडतो. पीएमआयचं तसं नाही. हप्ते थकले आणि घर विकूनही वसुली झाली नाही, तर भरपाई बँकेला मिळते. पैसे मात्र तुम्ही भरायचे.

समजा घर ४ लाख डॉलरचं आहे, डाउन पेमेंट ४० हजार आणि कर्ज ३ लाख ६० हजार. पीएमआयचा दर क्रेडिट स्कोअरनुसार बदलतो. तो वर्षाला ०.६ टक्के धरला, तर महिन्याला १८० डॉलर जातात.

तो टाळण्याचा एक मार्ग म्हणजे दोन कर्जं घेणं, ज्याला तिथे ‘पिगीबॅक’ म्हणतात. ८० टक्के मुख्य कर्ज, १० टक्के दुसरं कर्ज, १० टक्के आपले. पीएमआय लागत नाही, पण दुसऱ्या कर्जाचं व्याज सहसा जास्त असतं.

‘नो पीएमआय’ अशी जाहिरात दिसली, तर आधी व्याजदर बघा. अनेकदा विमा बँक भरते आणि त्याबदल्यात व्याज वाढवते. ३० वर्षांच्या कर्जावर साडेसहाऐवजी पावणेसात टक्के लागले, तर वरच्या उदाहरणात हप्ता साधारण ६० डॉलरने वाढतो. १८० पेक्षा हे स्वस्त वाटतं, आणि पाच वर्षांत घर विकणार असाल तर आहेही. पण वाढीव व्याज कर्ज फिटेपर्यंत किंवा रिफायनान्स करेपर्यंत सुटत नाही : ३० वर्षांत २१ हजारांच्या वर. साधा पीएमआय मात्र मध्येच बंद होतो.

सरकारी हमीच्या एफएचए कर्जावर पीएमआय नसतो, पण त्याचा स्वतःचा विमा असतो : सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, वर दरवर्षी वेगळा. डाउन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर तो कर्ज संपेपर्यंत चालतो. शिवाय २५ मे २०२५ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना हे कर्जच मिळत नाही. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जावर महिन्याचा विमा नसतो, पण ते सगळ्यांना मिळत नाही.

आई-वडिलांनी भारतातून पाठवलेली रक्कम डाउन पेमेंटमध्ये चालते. मात्र ती भेट आहे, परत करायची नाही, असं त्यांचं लेखी पत्र आणि पैसे कुठून आले याचे कागद लागतात.

पीएमआय लागलाच, तर तो वेळेवर काढणं महत्त्वाचं. १९९८ च्या होमओनर्स प्रोटेक्शन कायद्यानुसार, राहत्या घराचं कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तुम्ही लेखी मागणी करून तो बंद करायला लावू शकता. हप्ते वेळेवर भरलेले हवेत, घराची किंमत घसरलेली नको. काहीच केलं नाही, तर ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्के गाठल्यावर तो आपोआप थांबतो. वरच्या उदाहरणात, साडेसहा टक्के व्याजाने, ८० टक्के यायला जवळपास आठ वर्षं लागतात आणि ७८ यायला नऊ. गप्प बसण्याची किंमत चौदा-पंधरा महिन्यांचा पीएमआय, म्हणजे अडीच हजार डॉलरच्या आसपास.

परिसरातल्या किमती वाढल्या असतील, तर इतकंही थांबावं लागत नाही. फॅनी मे या संस्थेच्या कर्जांत दोन ते पाच वर्षांदरम्यान शिल्लक कर्ज आजच्या किमतीच्या ७५ टक्के किंवा कमी असेल, तर नव्या मूल्यांकनावर पीएमआय काढता येतो. पाच वर्षांनंतर ८० टक्के पुरतात. अर्ज ज्या कंपनीला तुम्ही दरमहा हप्ता भरता तिच्याकडे करायचा. कर्ज देणारी मूळ बँक तीच असेल असं नाही.