चट्टी ते चट्टी : बदरी-केदारची पायवाट आणि आपण

यात्रा हा शब्द आज आपण मोटारीच्या नि विमानाच्या हिशेबाने वापरतो. परंतु आपल्या पणजोबांच्या पिढीला बदरी-केदारची यात्रा म्हणजे हृषीकेशपासून पुढे पायांचाच प्रवास होता. तो कित्येक आठवडे चाले, आणि ज्या व्यवस्थेच्या आधारे चाले तिचे नाव 'चट्टी'. आल्प्स पर्वतात एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत मुक्काम करीत भटकण्याची हौस आज जगप्रसिद्ध आहे. स्विस गिर्यारोहण मंडळाने आपली पहिली झोपडी १८६३ साली बांधली. त्याच्या कितीतरी आधी हिमालयात हीच रीत धर्मबुद्धीने रूढ झाली होती आणि तिच्यात मराठी दानाचाही वाटा होता, याचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी अंकात करावे असे आम्हांस वाटते.

चट्टी म्हणजे वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण. गवताने अथवा पाटीच्या दगडाने शाकारलेली, पुढून उघडी अशी एक लांब पडवी, जवळ पाण्याचा झरा आणि एक दुकानदार. त्याच्याकडून पीठ, डाळ, तूप घेतले की राहण्याचे भाडे नाही. स्वयंपाकाची भांडीही तोच देई. दोन-चार मैलांवर अशी एकेक चट्टी असल्याने म्हाताऱ्या माणसालाही आपल्या दमाप्रमाणे मजल ठरविता येई. अगदीच न चालवणाऱ्यांसाठी डांडी अथवा पाठीवरची कंडी असे. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी, गौरीकुंड असे करीत यात्रेकरू सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथास पोचत. तेथून उखीमठ, चमोली, जोशीमठ या मार्गाने बदरीनाथास जात.

या वाटेवर अहिल्याबाई होळकरांचे (१७२५-१७९५) नाव ठळकपणे आढळते. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात केदारनाथापर्यंत पोचलेल्या त्यांच्या धर्मादायाचा उल्लेख आहे. बाईंच्या धर्मादायाच्या याद्यांत तुंगनाथ व पवाली अशा उंच, निर्जन ठिकाणच्या धर्मशाळाही येतात. राज्य माळव्यात, माहेर नगर प्रांतातील चौंडीस, आणि निवारा बांधला तो परक्या मुलखातील अनोळखी वाटसरूंसाठी! पुढे कुमाऊंचा कमिशनर ट्रेल याने १८२७-२८ च्या सुमारास यात्रेच्या मार्गाचे बांधकाम हाती घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबा काली कमलीवाले यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा व सदावर्ते उभारली. लछमन झुल्याचा दोरांचा पूल जाऊन १८८९ साली लोखंडी पूल झाला. तो १९२४ च्या पुरात वाहून गेला आणि नवा पूल १९३० साली खुला झाला.

तरीही ही वाट सुखाची नव्हती. १८९२ साली हरिद्वारच्या मेळ्यातून पटकी या मार्गाने गढवालभर पसरली. १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याच्या भयाने चट्टीतील रात्री जागून काढाव्या लागत. म्हणूनच यात्रेस निघणारा मनुष्य घरची निरवानिरव करून निघे, आणि सुखरूप परतल्यावर मावंदे घातले जाई.

या इतिहासाशी आम्हां रायपूरकरांचा एक निराळा संबंध आहे. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपूर जिंकले, पुढे बिंबाजी भोसले तेथे येऊन राहिले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडावर भोसल्यांची सत्ता राहिली. या काळात आलेल्या आणि नंतर रेल्वे नि सरकारी नोकरीनिमित्त आलेल्या अनेक घराण्यांना आज आपले मूळ गाव नेमके सांगता येत नाही. परंतु हरिद्वारचे तीर्थपुरोहित आणि बदरीनाथचे देवप्रयागी पंडे यांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, वडील-आजोबांची नावे व गाव यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. आमच्या घरात हरवलेला पत्ता कदाचित त्या वहीच्या एखाद्या पानावर शाबूत असेल.

१९६२ च्या चीन-युद्धानंतर सीमेकडील रस्त्यांना वेग आला, मोटार बदरीनाथपर्यंत पोचली आणि चट्ट्या ओस पडल्या. केदारच्या वाटेवर पायी चालणे उरले. परंतु १६-१७ जून २०१३ च्या प्रलयात त्या वाटेवरील रामबाड्याची वस्ती साफ वाहून गेली. दगडाच्या भिंतींचा भरवसा हिमालयात नाही; कागदाचा तर त्याहून कमी.

म्हणून आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी पूर्वजांच्या यात्रेच्या हकीकती, पंड्यांची पत्रे किंवा वहीतील नोंदींच्या नकला असतील त्यांनी त्या मंडळाकडे उतरवून द्याव्यात. आणि जे यात्रेस जातील त्यांनी देवदर्शनाबरोबर वहीदर्शनही अवश्य घ्यावे. परमुलखात आलेल्या मराठी माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा नि ओळखीचे चार शब्द देणारी आपली मंडळेही एका अर्थी चट्ट्याच होत. वाटसरू कोण, कोठला, याची नोंद ठेवणे हेही चट्टीचे काम आहे, आणि ते पुढील पिढीवर ढकलण्याइतका अवकाश आता उरलेला नाही.