डिस्कचे हेलपाटे

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय डेटाबेसचा आहे, पण सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंगपासून करूया.

दिवाळीनंतरचे दिवस. कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. वजनकाट्याला जोडलेल्या छोट्या यंत्रातलं सॉफ्टवेअर आमचं. गाडी काट्यावर चढली की स्क्रीन आठ-दहा सेकंद गोठायची. "भाऊ, तुमचं यंत्र झोपलं पुन्हा," असा मुनीमजींचा फोन. मी दोन दिवस हिशोबाचा कोड तपासत बसलो. प्रोसेसर तर निवांत होता. मग वेळ जात कुठे होता?

हा प्रश्न जुनाच आहे. 1956 साली आयबीएमने पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आणली. 24 इंची 50 तबकड्या, जागा 50 लाख अक्षरांची, आणि एखादी नोंद गाठायला सरासरी 600 मिलिसेकंद. तेव्हापासून गणित ठरलं : हिशोब स्वस्त, डिस्कपर्यंतचा हेलपाटा महाग.

1970 मध्ये बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बी-ट्री मांडलं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारखा जुन्या कागदांचा संग्रह डोळ्यांसमोर आणा. सूची नसेल तर एका कागदासाठी गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडायचे. चांगली सूची असेल तर कपाटापर्यंत एकच फेरी. या दोघांनी वेग मोजताना डिस्कवरून किती पानं आणावी आणि ठेवावी लागतात, हेच माप धरलं. एका पानातून शंभर फाटे फुटले, तर तीनच पायऱ्यांत दहा लाख नोंदींपर्यंत पोचता येतं.

2000 साली रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइट लिहिलं. ते अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडायचा. म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. डेटाबेस म्हणजे प्रोग्रामच्या पोटातली एक फाइल. आज तो आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

पण पोटातला असला तरी लिहायला डिस्कवरच जावं लागतं. मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात, की एका व्यवहाराला साधारण दोन पूर्ण फेरे लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम 60 व्यवहार. मात्र एकाच व्यवहारात बांधल्या, तर सेकंदाला 50,000 नोंदीही जातात!

हे वाचल्यावर माझी ट्यूब पेटली. एसट्रेस लावून एफसिंक मोजले. एफसिंक म्हणजे "डिस्कवर खरंच लिहिलं गेलं का, ते सांग, तोवर मी थांबतो" असा आदेश. काटा स्थिर होईपर्यंतचं प्रत्येक वजन आम्ही वेगळा व्यवहार म्हणून लिहीत होतो. गाडीमागे चाळीसेक नोंदी, नोंदीमागे तीन-चार एफसिंक. दीडशेच्या घरात हेलपाटे, तेही स्वस्तातल्या मेमरी कार्डावर!

एक सोपा उपाय समोर होता : सिंक्रोनस बंद करा. एक ओळ बदलली की सगळं सुसाट. टीममधल्या एकाने तोच सुचवला. पण आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लिहिता लिहिता वीज गेली, तर फाइलच खराब होऊ शकते. त्या फाइलमध्ये कुणाच्या तरी वर्षभराच्या कापसाचं वजन असतं. पावती हातात आणि नोंद गायब, मग त्या शेतकऱ्याने कुणाशी भांडायचं?

म्हणून सिंक्रोनस पूर्ण चालूच ठेवलं. मधली वजनं मेमरीत, आणि स्थिर झालेलं अंतिम वजन एकाच व्यवहारात. सोबत 2010 मध्ये आलेली वॉल पद्धत, जिच्यात बदल आधी वेगळ्या फाइलच्या शेवटी जोडले जातात. आता गाडीमागे बहुतेक वेळा एकच एफसिंक. आणि डिस्कने होकार दिल्याशिवाय पावती छापायची नाही, हा नियम.

स्क्रीन गोठणं थांबलं. मुनीमजींचे फोनही थांबले.

मला यातून एवढंच कळलं : हेलपाटे आधी मोजायचे, मग फालतू तेवढे कापायचे. जो हेलपाटा कुणाची तरी नोंद सांभाळतो, तो महाग असला तरी ठेवायचा. भेटूया पुढच्या भागात!