वाळूवरची बग्गी सफर, नाताल

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील नाताल शहराच्या परिसरात, परवानाधारक स्थानिक चालकासोबत उघड्या, हलक्या मोटारीतून केली जाणारी दिवसभराची फेरी. तिचा मार्ग वाळूच्या टेकड्या, पुळणी आणि गोड्या पाण्याची तळी यांतून जातो. नाताल ही रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्याची राजधानी असून विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ६ अंशांवर आहे. पोर्तुगीजांनी २५ डिसेंबर १५९९ रोजी शहराची स्थापना केली आणि सणावरूनच गावाला नाव दिले. मराठीतला ‘नाताळ’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दापासून आलेला असल्याने मराठी माणसाला हे गाव नावापुरते तरी ओळखीचे वाटते. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘नाताऊ’ असा करतात. प्रवासपुस्तिका या सफरीचे वर्णन बहुधा थराराच्या भाषेत करतात. तो थरार खराच असतो. पण बग्गी अगदी साधी आणि वाट दर काही दिवसांनी बदलणारी असते, त्यामुळे सारी सफर तोलली जाते ती वाळू ओळखणाऱ्या चालकावर.

मराठीत बग्गी म्हटले की घोड्याची गाडी डोळ्यांसमोर येते. नागाव, काशीद अशा कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटक स्वतः चालवतात ती चारचाकी एटीव्हीही निराळी. नातालची बग्गी ही फोक्सवॅगन बीटलची सख्खी नातलग. तिची मूळ घडण कॅलिफोर्नियातली. नौकाबांधणीत फायबरग्लास हाताळलेल्या ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये बीटलचे यांत्रिक भाग घेऊन त्यावर फायबरग्लासचे हलके अंग चढवले आणि ‘मायर्स मॅन्क्स’ ही गाडी तयार केली. १९६७ मध्ये याच गाडीने मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील ला पास ते तिहुआना हा खडतर पल्ला ३४ तास ४५ मिनिटांत पार केला. त्यानंतर तिच्या नकला जगभर निघाल्या. ब्राझीलमध्ये बीटलचे उत्पादन १९५९ पासूनच सुरू होते. तिथे तिला लाडाने ‘फुस्का’ म्हणतात. इंजिन, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे मिस्त्री गावोगाव असल्यामुळे बग्गी तिथे लवकर रुजली. ‘सेल्व्हाजें’ या जातीची बग्गी तर नातालच्याच परिसरात बनू लागली.

वाळूसाठी ही रचना इतकी जुळून येते की ती मुद्दाम वाळूसाठीच केली असावी असे वाटते. बीटलचे इंजिन मागे असते आणि मागचीच चाके ओढ देतात. इंजिनाचा भार नेमका ओढ देणाऱ्या चाकांवर पडतो, त्यामुळे चारही चाकांना शक्ती पुरवण्याची सोय नसतानाही गाडी चढ चढते. पुढचा भाग हलका असल्याने तो वाळूत रुतत नाही. जुन्या पद्धतीचे इंजिन हवेने थंड होते, म्हणून रेडिएटर आणि त्यातले पाणी उकळण्याची भीती दोन्ही टळतात. फायबरग्लासला खाऱ्या हवेचा गंज चढत नाही. दारे नाहीत, काचा नाहीत, डोक्यावर लोखंडी पाइपांची चौकट. एक प्रवासी चालकाशेजारी आणि बाकीचे मागे, अशी बसण्याची रीत. मागच्यांनी मागच्या उंच कडेवर बसून पाइप धरायचा, ही जुनी प्रथा.

हा सारा किनारा वाऱ्याने घडवला आहे. आग्नेय आणि पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे वर्षातला मोठा काळ वाहतात, समुद्राने काठावर टाकलेली गारेची वाळू उचलतात आणि आत आणून टाकतात. वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि दाबून घट्ट झालेली असते. माथ्यापलीकडे वाळू आपल्याच वजनाने घसरते आणि तिथला उतार ३२ ते ३४ अंशांवर येऊन थांबतो. कोरडी वाळू याहून उभी राहूच शकत नाही. कण मागून निघून पुढे पडत राहतात, म्हणून टेकडीही हळूहळू सरकते. भूगोलात तिला वालुकागिरी म्हणतात. पण गिरी म्हटल्यावर जो अढळपणा मनात येतो, तो इथे नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाली साठते आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी तळ्याच्या रूपाने वर येते. नाताल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा याच भूजलातून येतो. टेकड्यांचे मोल इथल्या लोकांना कळते ते त्यामुळे.

टेकडीला जागेवर धरून ठेवते ती वनस्पती. पुळणीच्या वरच्या अंगाला, जांभळट फुलांची आणि आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली पाने असलेली एक वेल वाळूवर लांबच लांब पसरलेली दिसते. गाठीगाठीला ती मुळे सोडते, त्या मुळांत वाळू अडकते आणि त्या वाळूवर पुढची झुडपे उभी राहतात. ही वेल आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचीच मर्यादवेल होय. उष्ण कटिबंधातल्या साऱ्या किनाऱ्यांवर ती वाढते. समुद्राची आणि जमिनीची मर्यादा सांगणारे तिचे मराठी नाव नातालमध्येही तंतोतंत लागू पडते. बग्गीचे चाक एकदा तिच्यावरून गेले तर पाने चिरडतात, पण वेल सावरते. रोज त्याच जागेवरून चाके गेली तर मुळे उघडी पडतात, वाळू सुटते आणि त्या फटीतून वारा आत शिरतो. मार्ग आखून देण्याचे मुख्य कारण हे.

चालकाला पोर्तुगीजमध्ये ‘बुगेइरू’ म्हणतात. हा स्वतंत्र व्यवसाय आहे. राज्याचे पर्यटन खाते परवाना देते आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. सफर सुरू होताना बुगेइरू प्रवाशांना एक ठरलेला प्रश्न विचारतो : ‘एमोसांव’सह की ‘एमोसांव’विना? शब्दाचा अर्थ भावनेचा उमाळा, रोमांच. होय म्हटले की उभे उतार, टेकडीच्या कडेकडेने अर्धवर्तुळे, माथ्यावरून एकदम खाली. नको म्हटले की तीच टेकडी वळसा घालून, सावकाश. लोक या प्रश्नाकडे गंमत म्हणून पाहतात. खरे तर ती संमती विचारण्याची पद्धत आहे आणि ती मनापासून पाळली जावी. गाडीत लहान मूल, गरोदर स्त्री किंवा पाठीचे दुखणे असलेले कोणी असेल तर उत्तर एकच असते, आणि चांगला बुगेइरू ते न विचारताही ओळखतो.

चढताना तो वाऱ्याकडच्या कडक बाजूने वेग घेतो आणि मध्येच गिअर बदलत नाही, कारण क्लच दाबलेल्या क्षणभरात वाळू गाडीचा वेग गिळून टाकते. माथ्याशी आला की पाय सैल सोडतो. गाडीचे नाक आकाशाकडे असते. पुढे काय आहे ते प्रवाशाला दिसत नाही आणि चालकालाही पुरते दिसत नाही. काल सौम्य उतार होता तिथे आज वाऱ्याने धारदार कडा उभी केली असू शकते. म्हणून माथ्यावर जवळजवळ थांबायचे, पलीकडे पाहायचे, मगच नाक खाली वळवायचे. उतरताना गाडी उताराच्या रेषेत सरळ ठेवावी लागते. चाके किंचित आडवी झाली की खालच्या बाजूचे चाक वाळूत खुपसते आणि गाडी कलंडते. ब्रेकवर पाय जपून, सुकाणू स्थिर. चाकांभोवतीची वाळू गाडीबरोबर खाली वाहू लागते, सूं असा आवाज येतो आणि क्षणभर गाडी चालते आहे की टेकडी, हे कळेनासे होते. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावल्या नाहीशा होतात आणि वाळूचे चढउतार डोळ्यांना सपाट दिसतात. तेव्हा वाळूवरच्या बारीक लहरींवरून आणि रंगावरून अंदाज घ्यावा लागतो. ओली वाळू गडद व घट्ट, नुकतीच पडलेली वाळू फिकट आणि फसवी.

सफर बहुधा पोंता नेग्रा या पुळणीजवळच्या हॉटेलांपासून सुरू होते. निघण्याची वेळ ओहोटीवर ठरते, कारण मार्गातला काही भाग पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या कडक पुळणीवरून जातो. पोतेंजी नदीवरील न्यूटन नाव्हारो पूल २००७ मध्ये सुरू झाल्यापासून उत्तरेकडे जाणे सोपे झाले. पलीकडे रेदीन्या, सांता रिता आणि मग जेनिपाबू. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरट होतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि गाडी रुतत नाही. जेनिपाबूच्या टेकड्यांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सांडणीस्वारीही सुरू झाली. ते उंट बाहेरून आणलेले. त्यांचे या भूमीशी नाते छायाचित्रापुरतेच आहे.

जेनिपाबूच्या पुढे सेआरा-मिरीं नदीच्या मुखाशी पूल नाही. तिथे बग्ग्या लाकडी तराफ्यावर चढवतात आणि नावाडी लांब काठी तळाला रोवून तराफा पलीकडे ढकलत नेतो. इंजिन बंद झालेले असते. सकाळपासून कानांत भरलेला घरघराट थांबतो आणि पाण्याचा, काठीचा, खारफुटीतल्या पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागतो. साऱ्या सफरीतली ही पाच-दहा मिनिटे सर्वांत सुंदर, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. पुढे ग्रासांदू, पितांगी, जाकुमां अशा वाड्या लागतात. पितांगीच्या तळ्यात टेबल-खुर्च्या उथळ पाण्यातच मांडलेल्या असतात. जाकुमांच्या तळ्याशी लाकडी फळीवर बसून वाळूच्या उतारावरून पाण्यात घसरण्याचा आणि तारेवरून लोंबकळत पाण्यात पडण्याचा खेळ चालतो. मुले तिथून हलायला तयार नसतात.

खाण्याच्या बाबतीत रेदीन्याचे नाव आधी घ्यावे. ‘जिंगा’ म्हणजे बारीक मासळी काडीत ओवून तेलात कुरकुरीत तळतात आणि टापिओकाच्या पोळीत गुंडाळून देतात. टापिओका म्हणजे कसाव्याच्या कंदाचे सत्त्व. उपासाला आपण खातो तो साबुदाणा त्याच सत्त्वापासून होतो, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. राज्याचे रहिवासी स्वतःला ‘पोतिगार’ म्हणवतात. किनाऱ्यावरच्या पोतिग्वारा या मूळच्या लोकांवरून आलेल्या या तुपी शब्दाचा अर्थ कोळंबी खाणारे. दक्षिणेकडच्या फेरीत पिरांजी येथे काजूचे एक अजस्र झाड दाखवतात. त्याच्या फांद्या जमिनीला टेकून तिथे मुळे धरतात आणि पुन्हा वर येतात, त्यामुळे एकच झाड सुमारे ८,५०० चौ.मी. जागा व्यापून बसले आहे. काजू हा शब्द तुपी भाषेतून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून मराठीत आला. फळही त्याच वाटेने गोव्यात आले. अननसाचेही तसेच. कोकणी वा गोमंतकीय प्रवाशाला या झाडाखाली उभे राहिल्यावर आपल्या परसातल्या काजूचे मूळ घर सापडल्यासारखे वाटेल.

वाळू पायांनीही झिजते, हे नातालने स्वतःच्या दारात पाहिले आहे. पोंता नेग्राच्या टोकाला मोरो दो कारेका, म्हणजे टकल्याची टेकडी, आहे. दोन्ही अंगांना झाडी आणि मधे वाळूचा उघडा पट्टा, अशा रूपावरून हे नाव. लोक वर चढून खाली घसरत आणि प्रत्येक घसरणीबरोबर वाळू खाली येई. १९९७ पासून तिच्यावर चढण्यास बंदी आहे. शहरातलेच पार्के दास दुनास हे १,१७२ हेक्टरांचे संरक्षित वनक्षेत्र १९७७ मध्ये स्थापन झाले. तिथे बग्गीला प्रवेश नाही. जेनिपाबूचा परिसर १९९५ मध्ये पर्यावरण-संरक्षण क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि तिथल्या टेकड्यांवर केवळ परवानाधारक बग्ग्यांनाच, तेही आखलेल्या मार्गाने, जाता येते. खाजगी जीप घेऊन आलेल्या हौशी प्रवाशाला हे जाचक वाटते. पण वाळू न ओळखणारा चालक स्वतःबरोबर टेकडीलाही धोक्यात घालतो, म्हणून हा नियम योग्यच आहे.

भाडे माणशी नसून संपूर्ण बग्गीचे ठरते. भाड्याच्या वाहनाची ओळख म्हणजे लाल पाटी. नव्या पद्धतीत पाटी पांढरी आणि त्यावरची अक्षरे-अंक लाल असतात. ती पाटी आणि चालकाचे ओळखपत्र निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. कलंडण्याचे अपघात झालेले आहेत. पट्टा असेल तर बांधावा, आणि रोमांचक उतारांवर मागच्या कडेवर न बसता आसनावर बसावे, मग प्रथा काहीही असो. पावसाचा जोर एप्रिल ते जुलैमध्ये असतो. त्या काळात तळी भरलेली असतात आणि वाळू बसलेली. ऑगस्टनंतर वारा वाढतो, उडणारी वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचते. डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा लागतो, टोपी मात्र हनुवटीखाली बांधता आली नाही तर उपयोगाची नाही. वारा गार लागत असल्याने ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी खांदे भाजून निघालेले असतात. परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता लागला की बुगेइरू पहिल्या पंपावर गाडी थांबवतो आणि चारही टायरांत सकाळी सोडलेली हवा पुन्हा भरून घेतो.