दोन रुपयांचे निर्माते

हल्ली बघावं तिथे 'स्टोरीटेलिंग'चं वारं आहे. प्रॉडक्ट काहीही असो, दीड मिनिटाचा व्हिडिओ हवाच. मागे हलका पियानो, एक वैतागलेला ग्राहक, मग आपलं सॉफ्टवेअर, आणि शेवटी तोच ग्राहक खिडकीबाहेर बघून हसतोय :) हे सगळं अगदी नवं शास्त्र असल्यासारखं शिकवलं जातं. म्हणून म्हटलं, या शनिवारी एका जुन्या उदाहरणाबद्दल लिहू. धंदा वाढवण्यासाठी गोष्ट सांगणारी, माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात यशस्वी फिल्म १९७६ सालची आहे. आपण तिला 'आर्ट फिल्म'च्या कप्प्यात टाकून मोकळे झालोय, एवढंच. श्याम बेनेगल यांचा 'मंथन'.

आधी पैशाची गोष्ट. बेनेगल मूळचे जाहिरात क्षेत्रातले. दुग्धविकासावर त्यांनी माहितीपट केले होते, पण माहितीपट बघतात ते बहुतेक आधीच पटलेले लोक. ज्यांना पटवायचंय ते येतच नाहीत. तेव्हा पूर्ण लांबीचा चित्रपट करावा असं त्यांच्या मनात आलं. खर्च साधारण १० लाख. एवढे पैसे देणार कोण? आणंदच्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी तोडगा काढला: गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या सभासदांनी दुधाच्या पैशातून एकदाच प्रत्येकी २ रुपये द्यायचे. सभासद पाच लाख. झाले १० लाख! चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निर्माते म्हणून गुजरातचे पाच लाख शेतकरी आहेत. सिनेमा लागला तेव्हा 'आपला पिक्चर' बघायला गावोगावचे लोक ट्रक भरभरून आले. क्राउडफंडिंग हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता.

आता खरी गंमत. 'मंथन'ची गोष्ट अशी: डॉ. राव (गिरीश कार्नाड) हा सरकारी पशुवैद्य एका गावात येतो. तिथे मिश्राजी (अमरीश पुरी) खाजगी डेअरीसाठी पडेल भावात दूध उचलतोय. राव दुधाचे नमुने घेतो, फॅट तपासतो, भाव कसा मारला जातोय ते दाखवतो आणि गावात सोसायटी उभी करतो.

पण आणंदमध्ये घडलं ते नेमकं उलट्या क्रमाने! १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली आणि खेडा जिल्ह्याचं दूध मुंबईला जायला लागलं. ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन डेअरीकडे होता. शेतकऱ्यांच्या हाती फारसं काही पडत नव्हतं. ते सरदार पटेलांकडे गेले. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि ठरलं, पोल्सनला दूध घालायचं नाही. पंधरा दिवस दूध बंद! त्यातून त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली संघ उभा राहिला आणि १४ डिसेंबर १९४६ ला तो रीतसर नोंदला गेला. पुढे त्याच संघाचं दूध-लोणी 'अमूल' नावाने विकलं जाऊ लागलं. कुरियन आणंदला आले ते १९४९ मध्ये. म्हणजे शेतकरी आधी, इंजिनिअर नंतर. (हो, कुरियन शिकलेले इंजिनिअरिंग. आपल्या जमातीला अभिमान वाटायला हरकत नाही.)

मग गोष्टीत क्रम का बदलला? सिनेमाला नायक लागतो, हे एक उत्तर झालंच. पण मला दुसरं उत्तर जास्त पटतं. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं आणि १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. आणंदचा नमुना आता इतर राज्यांत न्यायचा होता. तिथे सरदार पटेल नव्हते, त्रिभुवनदास नव्हते. तिथे जाणार होता जीपमधून उतरणारा एक परका माणूस, हातात दूध तपासायच्या बाटल्या घेऊन. बिचकलेल्या गावाने त्याच्याकडे कसं बघावं, त्याचीच ही गोष्ट होती. म्हणजे कंपनीचा इतिहास सांगायच्या भानगडीत न पडता, बघणाऱ्याच्या दारात उद्या काय घडणार आहे ते दाखवलं.

आणि ते गुळमुळीत करून दाखवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यामुळे गुळमुळीत होणं अवघडच होतं म्हणा! सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो, दलित वस्तीचा माणूस निवडून येतो, आणि गावातली जात वर येते. रावचा एक सहकारी गावातल्या मुलीत गुंततो, त्याला परत पाठवावं लागतं. बिंदू (स्मिता पाटील) म्हशीची सगळी कामं करते, दूध घालते, पण कागदावर काय लिहिलंय हे न कळताच तिचा अंगठा घेतला जातो आणि रावला बदनाम करायला तो कागद वापरला जातो. शेवटी रावची बदली होते, तो निघून जातो. सोसायटी मोडता मोडता राहते, ती भोला (नसीरुद्दीन शाह) आणि गावकऱ्यांमुळे. क्रम बदलून हिरावलेलं श्रेय शेवटी गावाला परत मिळतं. आज कुठलं मार्केटिंग खातं अशी स्क्रिप्ट पास करेल? आमचा माणूस हरून घरी जातो, असा शेवट!

पण समजा शेवट गोड केला असता, तर दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याने विश्वास ठेवला असता? त्याच्या गावातही सरपंच होता, मिश्राजी होता. अडचणी लपवल्या असत्या तर पहिल्याच भांडणात त्याला वाटलं असतं की आपल्याला फसवलं.

पुढचा भाग आपण आयटीवाल्यांनी तर लक्षात ठेवावाच. 'मंथन'च्या १६ एमएम प्रिंट काढून त्या गावोगाव दाखवल्या गेल्या, आणि पाठोपाठ माणसं पाठवली गेली: पशुवैद्य, दुधाचा तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार. सिनेमात जे पाहिलं ते करून दाखवणारी टीम प्रत्यक्ष समोर. डेमो आवडला तर इन्स्टॉलेशनची सोय त्याच आठवड्यात! नुसत्या फिल्मने सोसायट्या झाल्या असत्या असं मला वाटत नाही. दूध मोजून, तपासून, वेळच्या वेळी पैसे हातात ठेवणारी यंत्रणा मागे होती, म्हणून गोष्ट टिकली.

पुढे त्यातलं प्रीती सागर यांचं गाणं अमूलने टीव्हीच्या जाहिरातीत वापरलं. २०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, मग जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांतही. बेनेगल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले.

असो. सोमवारी मीटिंगमध्ये कुणी 'आपली स्टोरी काय?' असं विचारलं, तर दोन प्रश्न उलट विचारून बघा. ही गोष्ट ज्यांची आहे, ते तिच्यासाठी स्वतःच्या खिशातून २ रुपये देतील का? आणि व्हिडिओ संपल्यावर त्यांच्या दारात कोण जाणार आहे?