श्लीपदाची रक्तपरीक्षा आणि तिचा कालनिर्देश

मितीवांचून मिळालेला कागद इतिहासाच्या कामीं किती अपुरा पडतो, हें संग्राहकांस सांगणें नको. श्लीपद ऊर्फ हत्तीपाय या रोगाच्या रक्तपरीक्षेसही हाच न्याय लागू पडतो, असें आम्हांस वाटतें.

हा रोग आमच्या प्राचीन वैद्यांस परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत त्याचें वर्णन असून, जुनें पाणी सांचून राहणाऱ्या व सर्व ऋतूंत शीतल अशा प्रदेशांत तो विशेषेंकरून होतो, असें तेथें नमूद आहे. तथापि रक्तांतील कृमि सूक्ष्मदर्शकावांचून दिसणें शक्य नव्हतें. इ. स. १८७२ मध्यें कलकत्ता येथें टिमथी लुइस यांस मनुष्याच्या रक्तांत या कृमींचीं पिलें आढळलीं. १८७६ मध्यें ब्रिस्बेन येथें जोसेफ बँक्रॉफ्ट यांस प्रौढ कृमि सांपडला.

परंतु एकाच रोग्याच्या रक्तांत पिलें कधीं दिसत, कधीं दिसत नसत. याचा उलगडा चीनमधील अमॉय बंदरीं पॅट्रिक मॅन्सन यांनीं केला. अहोरात्र रक्त तपासवून त्यांनीं दाखविलें कीं, पिलें रात्रीं रक्तांत दाटतात व दिवसां बहुतेक नाहींशीं होतात. १८८१ मध्यें लंडन येथें स्टीफन मॅकेंझी यांनीं एका रोग्यास दिवसां निजवून रात्रीं जागविलें, तेव्हां पिलांचा क्रमही उलटला. यावरून रात्रीं दहा ते दोन या वेळांत रक्त घेण्याचा प्रघात पडला. दक्षिण पॅसिफिकच्या कांहीं बेटांत मात्र पिलें दिवसांही आढळतात. म्हणजे काळाबरोबर स्थळही पाहिलें पाहिजे.

पुढील सुधारणा रक्ताच्या प्रमाणासंबंधीं झाली. कांचेवरील ठशांत रक्ताचा थेंबच मावतो. म्हणून १८३९ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९३९ मध्यें, नॉट यांनीं एक मिलिलिटर रक्त दोन टक्के फॉर्मॅलिनमध्यें मिसळून त्याचा गाळ तपासण्याची रीति सांगितली. विरळ पिलेंही तीमुळें सांपडूं लागलीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रौढ कृमीपासून रक्तांत उतरणारें प्रतिजन ओळखणाऱ्या पट्ट्या निघाल्या, आणि रोग्यास मध्यरात्रीं उठविण्याची गरज बरीच कमी झाली. परंतु ही परीक्षाही निरपवाद नव्हे. बँक्रॉफ्टच्या कृमीसाठीं केलेली पट्टी ब्रुगिया जातीचा कृमि दाखवीत नाहीं. उलट मध्य आफ्रिकेंत लोआ कृमीचा भार मोठा असल्यास ती फसवें होकारार्थी उत्तर देऊं शकते.

यांत विद्वत्तेपेक्षां मोठी गोष्ट गुंतलेली आहे. दुपारीं रक्त घेऊन ज्यास निर्दोष ठरविलें, तो उपचारावांचून घरीं जाई आणि त्याच्या रक्तांतील पिलें डासांच्या द्वारें शेजाऱ्यांपर्यंत पोंचत. म्हणून जुन्या रुग्णालयांचीं अथवा तुरुंगांचीं दप्तरें हातीं येतील त्यांस आमची विनंति आहे कीं, ‘कृमि नाहीं’ एवढ्या नोंदीवरून प्रदेश रोगमुक्त होता असें लिहूं नये. रक्त कोणत्या प्रहरीं व किती घेतलें, हें प्रथम पाहावें. तो उल्लेख नसेल, तर ती नोंद केवळ न दिसल्याची साक्ष होय, नसल्याची नव्हे.