इम्पीरियल ओटमील स्टाउट : ही काळीकुट्ट बिअर चवीला नेमकी कशी लागते?

मंडळी, बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सोनेरी रंग, पांढरा फेस आणि बर्फासारखा थंडगार ग्लास. पण बिअरच्या दुनियेत एक प्रकार असा आहे, जो ग्लासात ओतला की कोरी कॉफीच वाटावी. तो थंडगार प्यायचा नसतो आणि घटाघट तर मुळीच नाही. त्याचं नाव इम्पीरियल ओटमील स्टाउट. आज या बिअरची चव, तिच्यामागचं कारण आणि तिच्यात लपलेला धोका समजून घेऊया.

एवढं लांबलचक नाव कशासाठी?

नावाचे तीन तुकडे करा, अर्थ आपोआप कळेल.

स्टाउट म्हणजे खूप भाजलेल्या बार्लीपासून केलेली काळी बिअर. १८ व्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय होती. तिच्यातल्या कडक प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणत. पुढे नुसतं स्टाउट उरलं.

इम्पीरियल हा शब्द रशियाच्या शाही दरबारावरून आला. लंडनची कडक स्टाउट तिथे जायची आणि महाराणी कॅथरीनच्या दरबारात तिला मागणी होती. आज हा शब्द फक्त 'जास्त कडक' एवढंच सांगतो.

ओटमील म्हणजे ओट्स. १९ व्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ओट्स घातलेली स्टाउट 'पौष्टिक' म्हणून विकली जायची. नंतर ती जवळपास नाहीशी झाली. १९८० मध्ये यॉर्कशायरमधल्या सॅम्युअल स्मिथ या जुन्या ब्रुअरीने ती अमेरिकेतल्या एका आयातदाराच्या सांगण्यावरून पुन्हा बनवली आणि हा प्रकार परत रुळला.

ओट्सचं काम काय?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतुमय घटक असतो. नाचणीची आंबील किंवा भाताची पेज जिभेवर जशी गुळगुळीत, भरलेली लागते, तसा काहीसा परिणाम ओट्समुळे बिअरमध्ये येतो. एकूण धान्यात ओट्सचं प्रमाण साधारण ५ ते २० टक्के असतं. त्यामुळे ओट्सची वेगळी चव शोधायला जाऊ नका. ओट्स चवीपेक्षा स्पर्शात जाणवतात.

चव कशी घ्यायची?

उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीची 'टेन फिडी' घेऊ. तिच्यात भाजलेली बार्ली, चॉकलेट माल्ट आणि ओट्स आहेत. अल्कोहोल १०.५ टक्के. नावही त्याच आकड्यावरून आलंय.

- रंग : ग्लास दिव्यासमोर धरला तरी आरपार काही दिसत नाही. फेस पांढरा नसतो, तपकिरी असतो. ओतताना ती पाण्यासारखी न पडता जाडसर धारेने पडते.
- वास : आधी भाजलेली कॉफी आणि डार्क चॉकलेट. थोडं थांबलात की काकवी, मनुका आणि शेवटी अल्कोहोलचा ऊबदार वास.
- पहिला घोट : सुरुवात गोडसर. मग कोको आणि कॉफीचा कडूपणा वर येतो. हा कडूपणा दोन ठिकाणांहून येतो : हॉप्समधून आणि करपण्याच्या बेतात भाजलेल्या धान्यातून.
- जिभेवर : जड, मऊ, जवळपास तेलकट. बुडबुडे कमी असतात. इथे ओट्स आपलं काम करतात.
- गिळल्यावर : घशात आणि छातीत ऊब. कडू चॉकलेटची चव बराच वेळ रेंगाळते.

फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. फार थंड असेल तर वास दबतो आणि फक्त कडूपणा उरतो. १० ते १३ अंश सेल्सिअसला ती खुलते. ग्लास छोटा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असला तर वास टिकून राहतो.

बिघडलेली कशी ओळखायची?

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बिअरला हवा लागली आहे. सोया सॉससारखा खारट वास जास्त असेल तर ती फार जुनी झाली असावी. दह्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबटपणा आला तर बहुधा जंतूंचा शिरकाव झालाय. भाजलेल्या धान्याचा किंचित आंबटपणा मात्र चालतो.

काळी म्हणजे कडक?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. रंग भाजलेल्या धान्यामुळे येतो, अल्कोहोलमुळे नाही. गिनेस ड्राफ्ट काळी असूनही तिच्यात अल्कोहोल साधारण ४.२ टक्केच असतं. साधी ओटमील स्टाउटही बहुधा ६ टक्क्यांच्या आत राहते. इम्पीरियल मात्र ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून रंगावर जाऊ नका, लेबलवरचा आकडा वाचा.

खरा धोका इथे आहे

गोडवा, चॉकलेटची चव आणि ओट्सचा मऊपणा मिळून अल्कोहोलची तिखट धार झाकतात. टेन फिडीच्या ३५५ मिलीच्या एका कॅनमध्ये सुमारे २९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या बिअरच्या तेवढ्याच कॅनमध्ये सुमारे १४ ग्रॅम. म्हणजे तुम्ही मोजता एक, शरीर मोजतं दोन! 'एकच तर घेतली' म्हणून गाडीची किल्ली उचलणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. भारतात वाहन चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम आहे. पण सुरक्षित नियम एकच : प्यायलात तर गाडी चालवू नका.

'ओट्स आहेत म्हणजे पौष्टिक' हेही डोक्यातून काढून टाका. ती जुनी जाहिरातबाजी होती. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी तर हिच्यापासून लांबच राहावं, कारण मुख्य धान्य बार्ली असतं. गरोदरपणात आणि औषधं चालू असताना दारू टाळायला हवी.

कायद्याने परवानगी असलेल्या वयात, सावकाश, एक कॅन दोघांत वाटून घेतला तर या बिअरची खरी ओळख होते. आणि जे पीत नाहीत, त्यांनी ही माहिती पिणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. त्याला तो 'दोन'चा हिशोब माहीत नसण्याची शक्यता जास्त आहे!