पाच गुणांचे उत्तर

‘सुबक आकृती काढून मानवी शरीरातील रक्ताभिसरणाचे वर्णन करा.’ परिचारिकेचा अभ्यास करणारी मुलगी असो की वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो, हा प्रश्न कोणाला चुकत नाही. उत्तरही ठरलेले आहे. अशुद्ध रक्त उजव्या कर्णिकेत येते, तेथून उजव्या जवनिकेत उतरते, फुप्फुसांत जाऊन शुद्ध होते, डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत येते आणि महारोहिणीवाटे सर्वांगाला पोचते. चार कप्पे, चार झडपा, दोन फेरे. आमच्या मानपाड्याच्या नाक्यावरून कल्याण-शीळ रस्त्याने कॉलेजांकडे जाणारी मुलेमुली हा पाठ बसमध्ये उभ्या उभ्या घोकतात. कर्णिकेला आता अलिंद म्हणतात आणि जवनिकेला निलय, एवढाच काय तो फरक. पाच ओळींचे, पाच गुणांचे उत्तर. पण ते जुळवायला मनुष्यजातीला दीड हजार वर्षे लागली, आणि आपल्या भागातल्या एका मुलीला ते शिकण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागले, हे त्या घोकणीत कोठे येत नाही.

आपल्या पूर्वजांनी हृदयाचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुताने हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाच्या कळीची उपमा दिली. त्याने सातशे शिरा सांगितल्या आणि त्यांचे मूळ नाभीत मानले. त्यांतल्या रक्त वाहणाऱ्या शिरांना त्याने रोहिणी म्हटले आणि पित्त वाहणाऱ्यांना नीला. मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांनी पुढे हीच दोन नावे उचलून नव्या अर्थाने वापरली. शब्द जुना राहिला, अर्थ मात्र सबंध पालटला. मृतदेह पाण्यात कुजवून थराथराने पाहावा, असे सांगणारा हा आचार्य. पण प्रेताला स्पर्श करणे पुढे विटाळाचे ठरले, आणि ग्रंथ पाठ करणारे उरले तरी देह उघडून पाहणारे उरले नाहीत.

युरोपातही निराळे घडले नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने सांगून ठेवले होते की, रक्त यकृतात तयार होते, शरीरात जाऊन तेथेच खर्ची पडते, आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून उजवीकडचे डावीकडे झिरपते. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने असली छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून येते, असे स्वच्छ लिहिले. पण त्याचा ग्रंथ विस्मृतीत गेला. गॅलेन मात्र घोकला जात राहिला. तेव्हाचे परीक्षार्थी हुशार नव्हते असे कसे म्हणावे? ते उत्तीर्णही होत होते. फक्त त्यांचे उत्तर चुकीचे होते.

हे कोडे सोडवले विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, आणि तेही मुख्यतः त्रैराशिकाने. हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडते, अर्ध्या तासात ठोके किती पडतात, हे दोन आकडे अगदी हात आखडून धरले तरी गुणाकार सबंध देहातल्या रक्ताहून जास्त येतो. एवढे रक्त अर्ध्या तासात यकृत कोठून आणणार? म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. नीलांमधील झडपा त्याच्या पादुआच्या गुरूने, फॅब्रिसियसने, 1603 साली वर्णिल्या होत्या. त्या कशासाठी असतात हे शिष्याला उमगले. दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या नीलेवर बोट ठेवावे, रक्त हृदयाच्या बाजूला सारावे. ते मागे परतत नाही. हा प्रयोग आजही कोणालाही आपल्या हातावर करता येतो. 1628 साली फ्रँकफुर्टला त्याचे लहानसे लॅटिन पुस्तक निघाले. त्यापायी वैद्यकीचा धंदा खालावल्याचे हार्वे सांगत असे, अशी नोंद त्याच्या ओळखीच्या ऑब्रीने करून ठेवली आहे.

एक दुवा मात्र हार्वेलाही दिसला नाही. रोहिणीतले रक्त नीलेत शिरते कसे? 1657 साली हार्वे वारला. त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी आमचे कल्याण आणि भिवंडी जिंकून घेतली. पुढे चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीतल्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस धरले आणि केशवाहिन्या पाहिल्या. वर्तुळ पुरे झाले.

हे पुरे झालेले वर्तुळ मुंबई इलाख्यात नीट शिकवले जाऊ लागायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. 1851 साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. ज्या समाजात प्रेताला हात लागला की स्नान सांगितले होते, त्या समाजातल्या तरुणांनी हातात शस्त्र घेऊन हृदयाचे कप्पे उघडून पाहिले. या घटनेचे मोल एखाद्या लढाईहून कमी नाही. 1861 च्या सुमारास तेथे मराठी आणि गुजराती वर्गही निघाले. त्याच कॉलेजाच्या परंपरेतले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी 1880 साली वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ संपादून छापले. नवे शिकणाऱ्यांनी जुने टाकून दिले नाही. पण तपासल्यावाचून मान्य करायचे नाही, ही सवय त्यांना लागली.

पण ही दारे पुरुषांसाठी होती. कल्याणचे माहेर असलेली यमुना नऊ वर्षांची असताना पोस्टातल्या गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 1883 साली ती एकटी अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकून 11 मार्च 1886 रोजी तिने एम.डी. पदवी मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात तिची नेमणूक ठरली होती. पण क्षयाने तिला ते काम करू दिले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात तिचा अंत झाला. फुप्फुसांतून रक्त कसे शुद्ध होऊन येते हे तिने परक्या भाषेत, परक्या थंडीत शिकून घेतले होते आणि तिची स्वतःचीच फुप्फुसे पोखरली जात होती.

परिचारिकांची वाटही सोपी नव्हती. परक्या माणसाच्या मळमूत्राला हात लावणारी बाई कुलीन कशी, असा लोकांचा सवाल. 1909 साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाच्या रमाबाई रानड्यांनी विधवा मुलींना ससून इस्पितळात हे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा त्यांनाही लोकनिंदा सोसावी लागली. त्या मुली नाडी मोजायला शिकल्या. घरादाराने ज्यांना अशुभ ठरवले होते, त्यांच्या बोटांखाली दुसऱ्याचे जीवित ठोके देऊ लागले.

आज दारे उघडी आहेत. कळव्याला 1992 पासून महापालिकेचे वैद्यकीय कॉलेज आहे; प्रवेशाची परीक्षा मराठीतूनही देता येते. तरी एक जुना रोग शिल्लक आहे, तो गॅलेनच्या शिष्यांचा. उत्तर पाठ, प्रश्न मात्र कधी पडलेलाच नाही. खरे तर हार्वेचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके. गुणाकार पाच लिटरच्या घरात. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही तेवढेच. म्हणजे सगळे रक्त मिनिटाभरात एक प्रदक्षिणा घालते. हे एकदा उमजले की बाकीचे घोकावे लागत नाही. डावी बाजू थकली तर रक्त मागे फुप्फुसांत तुंबणार, दम लागणार. उजवी थकली तर शरीरात तुंबणार, पायांवर सूज येणार. चित्र डोळ्यांपुढे असेल तर लक्षणे आपोआप ओळीने उभी राहतात.

यात गुणांपेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते. डिगॉक्सिन नावाचे औषध हृदयाचे ठोके मंदावते. मोठ्या माणसाला ते देण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजावी, ती साठाच्या खाली असेल तर औषध थांबवून डॉक्टरांना सांगावे, असे परिचारिकेला शिकवतात. रात्री दोन वाजता, चाळीस खाटांच्या खोलीत, झोपेने डोळे मिटत असताना, हा नियम केवळ पाठ असलेली मुलगी कदाचित मोजणी टाळील. तो का आहे हे जिला कळले आहे, ती टाळणार नाही. त्या घटकेला पेपर तपासणारा कोणी जवळ नसतो. खाटेवरच्या माणसाला तर आपली परीक्षा चालू आहे हेही ठाऊक नसते.